सांबऱ्याहून विमान चढेना

पार्श्वभूमी

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावरच्या एका मराठी हायस्कूलमधली ही गोष्ट आहे. शाळेचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. इथल्या मुलांना विमानाचं अप्रूप तसं नसतंच. शेजारी एअरफोर्सचं प्रशिक्षण केंद्र, डोक्यावरून प्रवासी विमानं. पण आत बसून चालवायचं म्हटलं की डोळे मोठे होतात. म्हणून विज्ञानाच्या बाईंनी एप्रिलच्या सुट्टीत दहा दिवसांचं शिबिर ठेवलं. एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला जुना कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक, शाळेचा प्रोजेक्टर आणि २००६ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स एवढं सामान होतं. त्याहून नवीन काही त्या मशीनवर चाललं नसतं. एका मुलाच्या सुतार वडिलांनी प्लायवूडचं कॉकपिट ठोकून दिलं. पुढे दोन खुर्च्या, मागे दोन. या चार खुर्च्यांचा पुढे संबंध येतो.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. सिम्युलेटरचा नाद जुना, म्हणून बाईंनी मला बोलावलं. सेकंड शिफ्ट असेल तेव्हा सकाळी जायचो. रोजचा कॉम्प्युटर सांभाळायचा तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा. हुशार, हाताला वळण असलेला, आणि 'जमत नाही' हे शब्द सहन न होणारा. तिसरी व्यक्ती म्हणजे नुकतीच बारावी दिलेली मुलगी. तिला खरोखर पायलट व्हायचं होतं. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, त्याचा खर्च किती, हे तिनं वहीत मांडून ठेवलं होतं. बाकीची पोरं खेळायला यायची, ही सराव करायला.

विमान निवडलं सेसना १७२ एसपी. १८० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन, फिक्स्ड पंखा (म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा), जास्तीत जास्त वजन २,५५० पौंड. हँडबुकप्रमाणे समुद्रसपाटीला चढण्याचा वेग मिनिटाला ७३० फूट. हा ७३० चा आकडा बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला आणि तो दहा दिवस पुसला गेला नाही. पुसला असता तर बरं झालं असतं.

अडचण

चौथ्या दिवशी मुलांनी हट्ट धरला की उड्डाण आपल्या सांबऱ्याहूनच करायचं, आणि हवामानही आजचंच हवं. डिप्लोमाच्या मुलानं तापमान ३६ भरलं. चार खुर्च्या म्हणून चार माणसं, प्रत्येकी ८० किलो. पायलटच्या जागी मुख्याध्यापकांचं नाव, मागे दोन शिपाईमामा. टाक्या भरलेल्या. 'खरं' वाटावं म्हणून रिअलिझमचे सगळे पर्याय कडक केले, त्यात ऑटोमिक्स्चर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळवणारी सोय, बंद झालं.

विमान धावपट्टी सोडेपर्यंत बराच वेळ गेला आणि मग ते जमिनीला चिकटल्यासारखं सरकत राहिलं. चढण्याचा काटा सव्वातीनशे-साडेतीनशेच्या पुढे जाईना. मागून कुणीतरी ओरडलं, "एस्टीसुद्धा याच्यापेक्षा चढते की!" सगळे हसले. मुलाला ते लागलं.

त्यानं मला फोन केला. शिफ्ट बदलायची वेळ, एका हातात मायक्रोमीटर, मागे मशीनचा आवाज. तो म्हणाला, "दादा, सातशे तीस पाहिजे, निम्म्यालाही येईना." मी म्हटलं, "फाइलमध्ये पॉवरचा आकडा असतोय बघ, तो थोडा वाढवून बघ." फोन ठेवला आणि विसरलो. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो माझा होता. शॉपमध्ये आमची सवयच तशी. जॉबचा व्यास दोन शतांश मोठा आला की ऑपरेटर ऑफसेट मारतो, म्हणजे मशीनला तेवढा फरक भरतो, आणि पुढचा पीस लावतो. टूल झिजलंय, की जॉब गरम असतानाच मोजलाय, हे विचारायला वेळ कुणाला?

पुढचं त्या मुलानं तीन रात्रींत केलं. या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक विमानाच्या फोल्डरमध्ये 'एअरक्राफ्ट डॉट सीएफजी' नावाची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते, शाळकरी पोरालाही वाचता येते. वजन, इंजिन, पंखा, इंधन यांचे आकडे त्यात विभागवार असतात. त्याशिवाय काही 'स्केलर' असतात, म्हणजे गुणक. १.० म्हणजे आहे तसं, १.१ म्हणजे दहा टक्के जास्त. त्यानं पॉवर स्केलर थोडा थोडा वाढवत १.३५ वर नेला. सांबऱ्याहून चढण्याचा वेग ७३० आला. पाचव्या दिवशी टाळ्या पडल्या.

पण १८० चं इंजिन आता २४३ चं झालं होतं. सरळ उड्डाणात वेग दहा-बारा नॉटनी वाढला. मुलीनं हँडबुकमधला आकडा दाखवून हटकलं, तेव्हा त्यानं पॅरासाइट ड्रॅग स्केलर १.३५ केला, म्हणजे विमानाला हवेचा अडथळा वाढवला. मग चढणं कमी झालं, पॉवर आणखी थोडी वर. पेट्रोल जास्त जाऊ लागलं, म्हणून फ्युएल फ्लो स्केलर ०.७५. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीची निस्तरानिस्तर करत होती. मूळ फाइलची कॉपी त्यानं ठेवली नव्हती.

आठव्या दिवशी मी गेलो. एक पोरगा सरळ उडवत होता, थ्रॉटल पूर्ण. मला स्क्रीनवर दुसरं काही दिसलंच नाही. आरपीएमचा काटा लाल रेघेच्या पुढे उभा होता. या इंजिनाची मर्यादा २,७०० आणि काटा २,९०० च्याही पलीकडे. फिक्स्ड पंख्याला जास्त ताकद दिली की तो जास्त फिरणारच. लेथवर असा आवाज आला असता तर कुणीही आधी इमर्जन्सी दाबली असती. इथे पोरं चार दिवस लाल रेघेपुढे उडत होती आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. मुलगी चार दिवसांपासून इंजिन बंद पडल्यावर उतरण्याचा सराव करत होती. पूर्वेकडून सव्वीस नंबरच्या धावपट्टीकडे येताना ती दरवेळी आधीच, बाळेकुंद्रीच्या बाजूच्या शिवारात टेकायची. तिनं त्यावरून नियम बसवला होता: धावपट्टी हिशेबापेक्षा खूप जवळ असेल तेव्हाच उतरायला निघायचं. हे विमान ६८ नॉटच्या वेगानं हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जातं. अडथळा वाढवल्यावर तेच अंतर सव्वा मैलाच्या आसपास आलं होतं. म्हणजे चढाई जुळवायला केलेल्या बदलानं तिचा उतरण्याचा अंदाज बिघडवला होता, आणि उतरताना तर इंजिनाचा संबंधच नव्हता.

समोर असलेले पर्याय

शिबिराचा शेवट रविवारी. पालक, गावातली मंडळी आणि पाहुणे येणार होते. हातात दोन दिवस.

मुख्याध्यापकांचं म्हणणं सरळ होतं: "आता चांगलं उडतंय ना? मग रविवारनंतर काय ते करा." कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चालू यंत्राला हात लावू नये हे खरंच शहाणपण आहे, मीही एरवी हेच सांगतो. पण आमचं यंत्र चालू होतं कुठे? ते फक्त एका जागी, एका तापमानाला, एका वजनाला बरोबर आकडा दाखवत होतं. तरी त्यांची भीती रास्त होती, आणि ती मी तेव्हा पुरेशी ऐकून घेतली नाही.

डिप्लोमाच्या मुलाला वाटत होतं, अजून दोन आकडे जुळवले की बसेल. हा पर्याय सगळ्यात मोहात पाडणारा. प्रत्येक आकडा हातात आहे, परिणाम लगेच दिसतो, आणि तीन रात्रींची मेहनत वाया जात नाही.

बाईंनी वेगळंच सुचवलं. तापमानच १५ करा, नाहीतर उड्डाण गोव्याहून करा. तिथे ७३० येईलच. यात लबाडी नव्हती, कारण हँडबुकचा आकडा त्याच परिस्थितीचा आहे. पण मुलांना हवं होतं सांबरा, आणि एप्रिलमधलं सांबरा.

मला मूळ फाइल परत आणून, बदलाआधीचं विमान खरंच चुकीचं होतं का, हे मोजायचं होतं. तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

बाईंनी निर्णय माझ्यावर सोडला. मुलगा खाली बघत होता. मी त्याच्यासमोर, आणि चार पोरांच्याही समोर, म्हटलं, "हे सगळं उलटं फिरवायला लागेल." तो दुसऱ्या दिवशी आला नाही.

काय केलं

घरच्या लॅपटॉपवर हाच सिम्युलेटर होता. त्यातली न बदललेली फाइल पेनड्राइव्हवर आणली. मुलाची फाइल पुसली नाही, तारीख घालून बाजूला ठेवली. बाईंच्या टेबलावरची एक रजिस्टर वही घेतली. मुलगी उडवणार, मी मोबाइलवर वेळ घेणार, बाई लिहिणार.

चढण्याचा काटा डगमगतो, म्हणून त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. वेग ७४ नॉटला धरायचा आणि ५०० फूट उंची वाढायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमच्याकडे नव्या जॉबचा फर्स्ट पीस असाच तपासतात.

पहिली चाचणी गोव्यातल्या दाबोळीहून. समुद्राजवळ, तापमान १५, वजन बरोबर २,५५०. ५०० फुटांना ४२ सेकंद, म्हणजे मिनिटाला ७१४. हँडबुकपेक्षा १६ फूट कमी. मुलगी म्हणाली, "म्हणजे विमान बरोबरच होतं की!" होतंच.

मग सांबरा, ३६ अंश, वजन तेवढंच, मिक्स्चर नीट लावलेलं: ६० सेकंद. म्हणजे ५००.

त्यात मिक्स्चर पूर्ण रिच, म्हणजे पेट्रोल जास्तीत जास्त, ठेवलं: ७० सेकंद. सव्वाचारशेच्या जरा वर.

शेवटी मुलांचं वजन घातलं, चार धडधाकट माणसं आणि भरलेल्या टाक्या: ८८ सेकंद. ३४०.

चौथ्या दिवशीची ती साडेतीनशेपर्यंतची घट आमच्यासमोर तीन तुकड्यांत वाटली गेली. यातला पहिला तुकडा हवेचा. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान १० अंश धरतात, आमचं होतं ३६. वरच्या प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट जोडायचे, म्हणजे आणखी तीन हजारांवर. विमानाच्या दृष्टीनं ते साडेपाच हजार फुटांच्याही वरच्या हवेत उडत होतं. विरळ हवेत इंजिनाला श्वास कमी, १८० ची ताकद १५० च्या आसपास येते, पंख्यालाही पकडायला हवा कमी. बेळगावला आपण थंड हवेचं गाव म्हणतो, पण विमानाला एप्रिलची दुपार डोंगरमाथ्यासारखी लागते.

दुसरा तुकडा मिक्स्चरचा. हवा विरळ झाली, पेट्रोल तेवढंच राहिलं, की मिश्रण जाड होतं. हँडबुक सांगतं, ३,००० फुटांपेक्षा उंच धावपट्टीवर थ्रॉटल पूर्ण देऊन आरपीएम सर्वात जास्त येईपर्यंत मिक्स्चर मागे घ्या, म्हणजे लीन करा, मग निघा. सांबरा उंचीनं त्या रेषेच्या आत, पण उन्हात कितीतरी पलीकडे. ऑटोमिक्स्चर बंद केल्यावर ते काम हातानं करायला हवं होतं, आणि मिक्स्चरची लाल दांडी कुणी हलवलीच नव्हती.

तिसरा वजनाचा. रिकामं विमान, भरलेल्या टाक्यांतलं ३१८ पौंड पेट्रोल आणि ८० किलोची चार माणसं मिळून मर्यादेपेक्षा १३० पौंडांच्या आसपास जास्त. चार खुर्च्या आहेत म्हणून चार दांडगी माणसं आणि पूर्ण टाक्या एकदम नेता येत नाहीत, हे छोट्या विमानांचं जुनं दुखणं आहे. गाडीच्या हिशेबानं विचार करणाऱ्याला ते पटत नाही.

संध्याकाळी सहाला वही बंद केली. स्केलर सगळे पुन्हा १.० वर. ७१४ चे ७३० करायचे का, यावर बाई आणि मी थोडं बोललो. मी नको म्हटलं. हातानं वेग धरून घेतलेल्या वेळेत दोन सेकंद इकडेतिकडे होतातच. मापण्याच्या चुकीएवढ्या फरकावर दुरुस्ती केली तर पुन्हा त्याच रस्त्याला लागलो असतो.

निकाल

रविवारी पुढच्या दोन खुर्च्यांत मुलं बसली, मागच्या रिकाम्या ठेवल्या, टाक्या अर्ध्या. एका नववीच्या पोरानं थ्रॉटल देऊन मिक्स्चर हळूहळू मागे घेतलं, आरपीएम चढला, आणि विमान निघालं. वजन कमी केल्यामुळे पाचशेच्या बरंच वर चढलं, पण पाचव्या दिवशीची ती उसळी नव्हतीच. पाहुण्यांपैकी दोघे मोबाइलमध्ये बघत होते, हे लपवत नाही.

एक माणूस मात्र पुढे आला. एका मुलीचे वडील, दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. लाल दांडीकडे बोट करून म्हणाले, "हे कार्बोरेटरचा स्क्रू आवळल्यासारखंच की. पेट्रोल जास्त झालं की पिकअप जातोय आणि प्लग काळा पडतोय." दहा दिवसांत आम्हा तिघांना जे सुचलं नाही, ते त्यांनी प्लायवूडच्या डब्याशेजारी उभं राहून अर्ध्या मिनिटात सांगितलं.

मुलीचं नुकसान भरून यायला वेळ लागला. तिच्या अंगात चुकीचा अंदाज बसला होता. मूळ फाइलवर इंजिन बंद करून उतरताना आता ती धावपट्टीच्या मध्यापलीकडे जाऊन टेकू लागली, कारण विमान तिच्या अपेक्षेपेक्षा लांब तरंगत होतं. चार दिवसांचा सराव मोडायला तिला सहा दिवस लागले. बाई म्हणाल्या, काहीच शिकली नसती तरी चाललं असतं. मला ते पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

त्या फोनवर मी दोनच प्रश्न विचारायला हवे होते: तापमान किती भरलंस, आणि आत वजन किती? पहिल्या उत्तरातच निम्मं प्रकरण मिटलं असतं. 'फाइल चुकली' हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, आणि मी तो सगळ्यात आधी त्याच्या हातात दिला.

नोटपॅड उघडण्याआधी फोल्डरची कॉपी, आणि बदललेला प्रत्येक आकडा वहीत. त्यानं तीन रात्रींत नेमकं काय काय बदललं, हे त्यालाही शेवटी नीट सांगता आलं नाही. दोन फाइली शेजारी ठेवून ओळ ओळ ताडली, तेव्हा आणखी एक बदल सापडला, जो का केला ते कुणालाच आठवेना.

फळ्यावर ७३० लिहिताना शेजारी 'समुद्रसपाटी, १५ अंश, २,५५० पौंड' एवढं लिहिलं असतं तर मुलानं त्या आकड्याचा पाठलाग केलाच नसता. यावर बाई आणि माझं एकमत आहे.

आणि मुलाला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. सूचना माझी होती हे सगळ्यांसमोर मी सांगितलं ते तो न आलेल्या दिवशी. तेव्हा त्याचा काय उपयोग?

आकडे बदलणं हे पाप आहे असं मात्र मुलांच्या मनात बसायला नको होतं. तो परत आला तेव्हा त्याला एक काम दिलं. जुनं सेसना १७२ पी हे १६० हॉर्सपॉवरचं आणि २,४०० पौंडांचं विमान. त्याचं हँडबुक समोर ठेवून एसपीच्या फाइलची वेगळी प्रत काढायची, ताकद आणि वजन दोन्ही बदलायची, आणि आधी दाबोळीला तपासायची. त्यानं ते मे महिन्यात एकट्यानं केलं. दाबोळीला हँडबुकच्या ७०० फुटांजवळ पोचेपर्यंत सहा वेळा फाइल बदलली, सहाही नोंदी वहीत आहेत, दोन खोडलेल्या. मग सांबरा. त्या पानावर त्याच्या अक्षरात एवढंच आहे: तापमान ३४, वजन २,४००, मिक्स्चर लीन, लाल रेघेच्या आत, ५०० फुटांना ६४ सेकंद.